क्रमांक सात, अपूर्ण

भोंग्यातून आवाज आला तेव्हा कमलाकाकू डांगोरे हात धूत होत्या. "क्रमांक सात, अपूर्ण," सचिव निरंजनने सांगितलं आणि सवयीने पुढे "धन्यवाद" जोडलं.

काकू तशाच हॉलमध्ये आल्या. नळ मागे वाहत राहिला. रायपूरच्या आमच्या गुढियारीत नळ वाहता ठेवून एखादी बाई चालू लागली, म्हणजे प्रकरण किती पुढे गेलं असेल ते समजून घ्यावं.

सात नंबर त्यांचाच होता. वैदर्भीय स्नेही समाजाच्या दिवाळीच्या रांगोळी स्पर्धेत पहिला नंबर काकूंचा आणि दुसऱ्यासाठी स्पर्धा, अशी व्यवस्था बऱ्याच वर्षांपासून सुरळीत चालू होती. यंदा हरल्या असत्या तरी त्यांनी समजून घेतलं असतं. रंग फिका पडला, विषय जुना झाला, परीक्षकांची मेहुणी स्पर्धेत होती, हरायला काय, शंभर सन्माननीय कारणं असतात. पण अपूर्ण? ऐन सणाला अर्धी रांगोळी टाकून उठणारी बाई एक तर आजारी असते नाही तर तिचे डोळे गेलेले असतात. काकू आजारी नव्हत्या. राहिलेलं कारण हॉलमधल्या सगळ्या बायकांनी एकाच वेळी ओळखलं आणि त्या काकूंकडे फार प्रेमाने पाहू लागल्या. काकूंना शिव्या चालल्या असत्या. ते प्रेम त्यांना सहन होईना.

इथे थोडं व्यवस्थेबद्दल सांगायला हवं. रायपूर राजधानी झालं तेव्हापासून आमच्या समाजात कुठलीच गोष्ट साधी करायची सोय राहिली नव्हती. चिवडासुद्धा राजधानीच्या दर्जाचा व्हावा असा ठराव झाला होता. त्यात मंत्रालय नुकतंच शहराबाहेर, नव्या रायपुरात गेलं. समाजाचे अध्यक्ष यज्ञेश्वरराव बोकारे तिकडची एक इमारत पाहून आले आणि आल्या आल्या त्यांनी रांगोळीचं परीक्षण गुप्त करून टाकलं. यज्ञेश्वरराव रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झाले होते, पण ती बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोचली नव्हती.

पूर्वी परीक्षक हॉलमध्ये फिरत. एकदा एका परीक्षकाच्या धोतराने मोराचा पिसारा पुसला गेला. शिवाय आपली रांगोळी आली की बायका खोकत. म्हणून आता परीक्षक वरच्या मजल्यावर, एसीच्या खोलीत, मोठ्या टीव्हीसमोर बसत. हॉलच्या छताखाली आडवा पाइप आणि पाइपाला खाली तोंड करून टांगलेला कॅमेरा. दोरी ओढली की तो एकेका रांगोळीवर सरके. निकाल लागला की परीक्षक जिना उतरण्याआधी सगळ्या रांगोळ्या झाडून टाकायच्या, म्हणजे कुठली कोणाची हे त्यांना जन्मात कळणार नाही. रांगोळी तेवढी कोणी पाहू नये, याचा इतका चोख बंदोबस्त दुसरीकडे झाल्याचं ऐकिवात नाही.

सामान दयाराम साहूचं. हा आमच्याच पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, लग्नांची शूटिंग करणारा भला माणूस. कॅमेरा एचडी, टीव्ही एचडी, मधली तार बोटाएवढी जाड. तारेच्या वाटेत एक पत्र्याची पेटी होती. ती एकच चित्र तीन ठिकाणी वाटून द्यायची: परीक्षकांना, पाहुण्यांच्या खोलीत आणि मंचावरच्या पडद्याला. पाहुणे म्हणजे नव्या राजधानीतले एक उपसचिव. ते निघाले असल्याचा फोन तीनदा येऊन गेला होता.

काकू जिना चढून सरळ त्या खोलीत शिरल्या. परीक्षक दोन होते. चित्रकलेच्या शिक्षिका सुजाता मॅडम, आणि अच्युतराव, ज्यांचं प्रत्येकाशी एकमत असे.

"कुठं अपूर्ण हाय ते दाखवा मले," काकू म्हणाल्या.

यज्ञेश्वरराव मागोमाग धावत आले. "काकू, स्पर्धकानं वर यायची मनाई आहे! गुप्तता!"

"गुप्तता गेली चुलीत. सात नंबर माझा हाय, आता सगळ्यायले कळलं. दाखवा."

कॅमेरा शेवटच्या म्हणजे काकूंच्याच रांगोळीवर थांबलेला होता. यज्ञेश्वररावांनी टीव्हीकडे बोट केलं. काकूंनी चष्मा पुसला, लावला आणि पाहिलं.

गेरूच्या जमिनीवर चार मोठ्या पाकळ्या. डाव्या-उजव्या पाकळ्यांत केसासारख्या बारीक आडव्या रेघा, एकीला एक लागून, पण कुठेही चिकटलेली नाही. वरची आणि खालची पाकळी मात्र रिकामी. नुसता धुरकट, फिकट गेरू, जसं कोणी पीठ सांडून हातानं पुसलंय.

काकू खाली गेल्या. रांगोळीपाशी उकिडव्या बसल्या. वरच्या पाकळीत उभ्या रेघा होत्या. खालचीतही होत्या. सकाळपासून श्वास धरून ओढलेल्या, एकूण एक जागेवर. त्या पुन्हा वर गेल्या. नव्हत्या.

"मले खाली दिसते अन् वर दिसत नाही," त्या म्हणाल्या. या वेळी आवाज थोडा खाली आला होता.

"वय होतं, काकू," यज्ञेश्वरराव फार मायेनं म्हणाले. "डोळ्याला भास होतात. टीव्हीला होत नाहीत. हे पाहा, कोपऱ्यात काय लिहिलंय? एक हजार ऐंशी! याच्यावर तर मंत्रालयातही नाही."

"फुल एचडी हे, काकी," दयाराम दारातून म्हणाला. "तीन नंबर कितना सुंदर आया, देखे नहीं?"

ते खरं होतं. पहिला नंबर मिळालेली तीन नंबरची रांगोळी म्हणजे नव्या राजधानीचं दृश्य होतं: एक भव्य इमारत, तिच्यापुढे भव्य रुंद रस्ता आणि रस्त्यावर काहीही नाही. पेटीला यात अडचण येण्याचं काही कारण नव्हतं.

यज्ञेश्वररावांनी काकूंना खुर्ची दिली आणि दुसरी बातमीही दिली. समितीनं ठरवलं होतं, आज मंचावर पाहुण्यांच्या हस्ते कमलाकाकूंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. पुढच्या वर्षीपासून त्या ज्येष्ठ मार्गदर्शक.

आमच्या समाजातली शाल काय असते हे बाहेरच्यांना ठाऊक नसेल. नानाजींना शाल मिळाली आणि त्यानंतर ते बोलायला उठले की माइक बिघडू लागला. एका काकांना नाटकाबद्दल शाल मिळाली, ते पुढच्या नाटकात प्रेक्षक होते. शाल पांघरलेल्या माणसाला पुन्हा कोणी काही करायला सांगत नाही. माणूस जिवंत असताना हे काम इतक्या उबदारपणे दुसऱ्या कशानं होत नाही.

"म्हणजे पुढल्या साली मी बसायचं नाही?" काकूंनी विचारलं.

"बसायचं ना! मंचावर. खुर्चीत."

"रांगोळीले?"

"मार्गदर्शन करायचं."

काकू उठल्या. "कौमुदी!" त्यांनी जिन्यातूनच हाक मारली. "ए पोट्टे, वर ये जरा! हा टीव्ही मले आंधळी म्हणून राहिला!"

कौमुदी काकूंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. नागपूरची इंजिनीअर, नव्या रायपुरातल्या एका कार्यालयात सभागृहांचे कॅमेरे आणि पडदे लावून घेण्याचं काम तिच्याकडे. तिनं आधी हॉलमध्ये वाकून रांगोळी पाहिली, मग वर येऊन टीव्ही पाहिला, मग टीव्हीच्या मागे डोकं घातलं आणि तारेचा माग काढत पेटीपाशी पोचली. पेटी पालथी करून तळाचं लेबल वाचलं आणि हसली.

"दयाराम भैया, हा डब्बा कधीचा?"

"पुराना हे दीदी. केबल के जमाने का. मगर मजबूत हे, लोहा हे लोहा."

"डोळे ठीक आहेत काकू तुमचे," कौमुदी म्हणाली. "हा डब्बा साध्या टीव्हीच्या काळातला आहे. याची बँडविड्थ दहा मेगाहर्ट्झ. या कॅमेऱ्याच्या चित्राला निदान तीस पाहिजे, आणि डब्ब्यांतून फिरवायचं तर त्याच्या दुप्पट असलेली बरी."

अच्युतरावांनी मान डोलावली. ते यज्ञेश्वररावांच्या म्हणण्यालाही डोलावत होते.

"मले समजंल असं सांग," काकू म्हणाल्या.

"तार आख्खं चित्र एकदम नाही पाठवत, काकू. ओळीओळीनं पाठवते. डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. आता तुमच्या उभ्या रेघांवरून ओळ जाते तेव्हा काय होतं? पांढरं, गेरू, पांढरं, गेरू, पांढरं, गेरू. किती भरभर बदलावं लागतं! या डब्ब्याचा हात तेवढा चपळ नाही. तो सगळं कालवून मोकळा होतो. आडव्या रेघेला त्याला काही काम नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरंच. खालच्या ओळीत गेरूच."

"मग ते हजार ऐंशी?"

"ते टीव्ही फक्त ओळी मोजून सांगतो. ओळीत काय आलं ते नाही पाहत. हजेरी घेतल्यासारखं."

काकूंनी पेटीकडे पाहिलं. "म्हणजे आडवं पडलेल्याले ठेवते अन् उभं राहिलेल्याले पुसते. चांगलं शिकवलं तुम्ही हिले, यज्ञेश्वरभाऊ."

सुजाता मॅडमना खोकला आला.

"डब्बा काढते मी," कौमुदी म्हणाली. "कॅमेऱ्याची तार सरळ टीव्हीला लावू. दोन मिनिटांत दिसेल सगळं."

"अजिबात नाही!" यज्ञेश्वररावांनी पेटीवर हात ठेवला. "बाकीच्या रांगोळ्या या पेटीतून पाहिल्या. एकट्या सात नंबरला पेटीशिवाय पाहायचं? पक्षपात होईल. सगळ्यांना समान पेटी, हाच न्याय."

"मग परीक्षकांना खाली येऊन पाहू द्या."

"रांगोळी झाडल्याशिवाय परीक्षक खाली येऊ शकत नाहीत."

"झाडल्यावर काय पाहतील?"

"झाडल्यावर पाहायचं नसतंच."

कौमुदी मंत्रालयाच्या आसपास काम करत असल्यामुळे तिला या उत्तरात काही नवीन वाटलं नाही. ती खाली गेली, दयारामची शिडी पाइपाला टेकवली आणि पदर, म्हणजे ओढणी, कमरेला खोचून वर चढली. पेटी काढायला मनाई होती. कॅमेरा फिरवायला मनाई करायचं कोणाला सुचलं नव्हतं. तिनं टांगलेला कॅमेरा जागच्या जागी पाव फेरा वळवला.

वर टीव्हीत रांगोळी गरगरली आणि थांबली. पुसट पाकळ्या आता डाव्या-उजव्या झाल्या होत्या आणि त्यांच्यात, धुक्यातून वर आल्यासारख्या, केसाएवढ्या रेघा दाट उभ्या ठाकल्या होत्या. म्हणजे आता त्या आडव्या झाल्या होत्या, म्हणून पेटीनं त्यांना जगू दिलं होतं. मघाच्या भरलेल्या पाकळ्या मात्र रिकाम्या.

"पाहा!" काकू म्हणाल्या.

यज्ञेश्वररावांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मालधक्क्यावर आयुष्य काढलेला माणूस पुराव्याला इतक्या सहज हार जात नाही.

"याचा अर्थ," ते शेवटी म्हणाले, "मधल्या वेळात दोन पाकळ्या भरल्या आणि दोन पुसल्या. मी तर म्हणतो, हा गैरप्रकार आहे."

"मी इथं उभी हाय ना तुमच्या पुढ्यात! कोनं पुसलं?"

"चौकशी होईल. निरंजन, झाडणाऱ्यांना बोलाव. पाहुणे येऊन राहिलेत."

झाडू घेतलेली तीन-चार मंडळी हॉलच्या त्या टोकापासून सुरू झाली. एक नंबर गेली. दोन गेली. नवी राजधानी तीन फटक्यांत साफ झाली, तिच्या रुंद रस्त्यासह. काकू जिना उतरून झपाझप आल्या आणि सात नंबरच्या काठाशी बसकण मारली. सात नंबरची जागा जिन्याच्या अगदी पायथ्याशी होती. पाय पडतील म्हणून ती कोणी घेत नसे. काकू दरवर्षी तीच घेत. त्यांना तिथे मोकळं वाटे.

"काकी, हटिए न, झाडू लगाना हे," निरंजन म्हणाला. हा पोरगा मराठी सगळी समजे, उत्तर मात्र हिंदीत देई. कोणी त्याला त्याबद्दल बोलत नसे, कारण बाकीच्यांची पोरंही तशीच.

"नाही हटत."

"अध्यक्षजी गुस्सा करेंगे।"

"करू दे. त्यायले येते तेवढं."

निरंजनच्या दुसऱ्या हातात तबक होतं, त्यात नारळ आणि घडी केलेली शाल. काकूंनी शाल उचलली, झटकली, चौघडी केली आणि खाली घालून तिच्यावर नीट बसल्या. "फरशी गार हाय," त्या म्हणाल्या.

कौमुदी शिडीवरून उतरली आणि दुसऱ्या काठाशी बसली. मग जिला पहिला नंबर मिळाला होता ती पिंकी पुढे आली. तिची राजधानी नुकतीच केरात गेली होती. ती म्हणाली, "मैं भी बैठूँ क्या, दादी?"

"बस. पण पदराले सांभाळ. पाकळी पुसली तर तुले पहिला नंबर मिळालाय हे मी विसरून जाईन."

तिसरा काठ भरला. चौथ्या काठाला जिना होता.

आता अडचण उघड झाली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, उपसचिव आले होते. त्यांच्या स्वागताला परीक्षकांनी मंचावर असणं भाग होतं. वरून खाली यायला हा एकच जिना. आणि जिन्याच्या पायथ्याशी रांगोळी, तिच्याभोवती तीन बायका. परीक्षक रांगोळीला बगल देऊन जाऊ शकत होते, पण पाहिल्याशिवाय बगल देता येत नाही.

यज्ञेश्वररावांनी जिन्याच्या वरच्या पायरीवरून परिस्थितीचा आढावा घेतला. "परीक्षकांनी कृपया छताकडे पाहत उतरावं," त्यांनी सांगितलं.

अच्युतराव लगेच छताकडे पाहत उतरू लागले. तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय चुकला, कठडा हाती आला म्हणून निभावलं. सुजाता मॅडम मात्र पायऱ्यांकडे पाहत, सावकाश उतरल्या. शेवटच्या पायरीवर थांबल्या. मग त्या पायरीवरच बसल्या आणि वाकल्या.

मॅडमनी वरच्या पाकळीवर तोंड नेलं, इतकं जवळ की काकू म्हणाल्या, "श्वास जपून, बाई." मॅडमनी तोंडावर पदर धरला. वरची पाकळी पाहिली. मग सरकून खालची पाहिली. मग पुन्हा वरची. त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षकाचं काही उरलं नव्हतं. बाजारात आवडती वस्तू दिसल्यावर बाईचा होतो तसा चेहरा होता.

"यज्ञेश्वरजी," त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही अपूर्ण म्हणालात ना? बोट ठेवायला जागा नाहीये इथं. कुठं रिकामं आहे ते येऊन दाखवा."

"टीव्हीत..."

"टीव्ही वर आहे. मी खाली आहे. खाली या."

यज्ञेश्वरराव खाली आले. त्यांनी पाहिलं नाही असं म्हणता येणार नाही, कारण पाहण्यासारखं दुसरं काही तिथे नव्हतं. दारात उपसचिव हार घालून घ्यायच्या तयारीनं उभे होते आणि हार आणणारा कुठे दिसत नव्हता.

"माझं मत बदललं," सुजाता मॅडम म्हणाल्या. "माझा पहिला नंबर सात."

"माझाही," अच्युतराव छताकडे पाहत म्हणाले.

पिंकीनं काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"नंबर नको मले," काकू म्हणाल्या. "नंबर या पोट्टीचा राहू द्या, तिनं दिवसभर कंबर मोडली. मले तो शब्द नको. सगळ्या गुढियारीनं ऐकला तो भोंग्यातून. तो वापस घ्या."

"काकू, केलेली घोषणा मागे घ्यायची तरतूद नाही समाजात."

"मग नवी करा. भोंगा तोच हाय."

"हे पाहा, पाहुणे आलेत. सत्काराच्या वेळी मी दोन चांगले शब्द..."

"सत्कारावर मी बसली हाय. तो झाला."

दारातल्या उपसचिवांनी शेजारच्याला विचारलं, "ये कार्यक्रम का भाग हे क्या?" शेजारी दयाराम होता. "हव साहब," तो म्हणाला, "मुख्य भाग हे." मग आत येऊन त्यानं मंचावरचा माइक उचलून आणला आणि यज्ञेश्वररावांपुढे धरला. पेटी त्याचीच होती, पण भोंगाही त्याचाच होता आणि भोंग्याबद्दल त्याच्याकडे कधी कोणाची तक्रार आली नव्हती.

यज्ञेश्वररावांनी घसा साफ केला. तोसुद्धा पाराभर ऐकू गेला.

"क्रमांक सातच्या रांगोळीबाबत, तांत्रिक कारणास्तव, परीक्षकांच्या प्रत्यक्ष पाहणीनंतर आणि समितीच्या उदार..."

"पाल्हाळ काहून लावून राहिले?"

"पूर्ण आहे."

"मागच्यायले नाही ऐकू गेलं."

मागच्या बायका एका सुरात म्हणाल्या, "नाही गेलं!" मघा प्रेमानं पाहणाऱ्या याच होत्या.

"क्रमांक सात, पूर्ण आहे!"

"अन् पुढल्या साली?"

यज्ञेश्वररावांनी दाराकडे पाहिलं. उपसचिव घड्याळाकडे पाहत होते. "पुढल्या वर्षी," ते माइकमध्ये म्हणाले, आणि निवृत्तीची बातमी आता कुठे त्यांच्या आवाजापर्यंत पोचली असावी असं वाटलं, "पुढल्या वर्षी कमलाकाकू स्पर्धेत आहेत."

"कोन्या पेटीतून पाहान?"

"पेटी नाही. डोळ्यांनी."

काकूंनी मान हलवली, पण त्या उठल्या नाहीत.

"काकू, आता तरी पाहुण्यांना आत येऊ द्या."

"येऊ द्या ना, मी कोन अडवणारी? डावीकडून," काकू म्हणाल्या. "अन् जोडे काढून."